गल्ला वेगळा, कमाई वेगळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चाळीसेक वर्षे आपला अंक माझ्या घरी येतो. पहिले पान उलटायच्या आधी मी चित्रपटांचे पान काढतो, कारण माझी सगळी नोकरी टॉकीजमध्ये गेली. १९८४ साली सांगलीतल्या एका टॉकीजच्या बुकिंग खिडकीवर लागलो, पुढे तिथेच मॅनेजर झालो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत आमचा पडदा बंद झाला, तो परत उघडला नाही. तेव्हापासून घरी आहे. या सगळ्या वर्षांत रोज रात्री शेवटचा खेळ सुटल्यावर मी एक कागद भरत आलो. आमच्या धंद्यात त्याला डीसीआर म्हणतात, म्हणजे डेली कलेक्शन रिपोर्ट. हिंदी चित्रपटाने इतके कोटी केले असे जे आपण छापता, ते अशाच हजारो कागदांची बेरीज असायला हवे. पत्र लिहायचे कारण तेच आहे.

गेल्या रविवारी नातीने आपले पान मोठ्याने वाचून दाखवले. ती कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे आकडे तिच्या नजरेतून सुटत नाहीत. मथळ्यात एका चित्रपटाची ‘छप्परफाड कमाई’ एका आकड्याची होती आणि आत बातमीत त्याच चित्रपटाची, त्याच दिवसापर्यंतची कमाई त्याहून कितीतरी कमी होती. ती म्हणाली, “आजोबा, यातला खरा कुठला?” मी नीट वाचले. दोन्ही खरे असू शकतात. वरचा आकडा जगभरातला ग्रॉस होता, आतला फक्त भारतातला नेट. दोन्हींना आपण ‘कमाई’ म्हटले होते. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, तो मला जास्त लागला. “इतके कोटी मिळतात तर तुमची टॉकीज का बंद पडली?”

तिला जे उत्तर दिले, तेच इथे लिहितो.

समजा तिकीट २३६ रुपयांचे आहे. खिडकीत २३६ जमा झाले, हा ग्रॉस. शंभराच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून त्यातले ३६ रुपये सरकारचे. उरले २००, हा नेट. आता हे २०० टॉकीज आणि वितरक यांच्यात वाटले जातात. पहिल्या आठवड्यात निम्मे-निम्मे धरले तर १०० रुपये वितरकाकडे जातात, त्याला शेअर म्हणतात. त्यातून वितरक आपले कमिशन आणि जाहिरातीचा खर्च वळता करून घेतो आणि मग राहील ते निर्मात्याला पोचते. म्हणजे १०० कोटी ग्रॉस असे आपण छापता तेव्हा नेट ८४-८५ कोटी आणि शेअर ४०-४२ कोटींच्या घरात असतो. चित्रपटाचा खर्च ८० कोटी असेल आणि आपण ‘खर्च वसूल’ असे लिहिले, तर निदान तिकीट खिडकीपुरते ते खरे नसते.

हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला कळायला अवघड नाही. माझा धाकटा भाऊ वाळवा तालुक्यात ऊस करतो. पेपरात एफआरपीचा, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दराचा आकडा येतो, पण त्याच्या बिलातून तोडणी-वाहतूक वजा होते, मग सोसायटीचे कर्ज कापले जाते आणि खात्यावर पडते ती रक्कम वेगळी असते. त्यातून पुन्हा खते, लागण, पाणीपट्टी. एफआरपीचा आकडा म्हणजे माझ्या भावाची कमाई, असे आपला शेतीचा वार्ताहर कधीही लिहिणार नाही. चित्रपटाच्या पानावर मात्र आपण रोज नेमके तेच लिहिता.

यातली गंमत अशी, की आपल्याच भाषेत नेमके शब्द तयार आहेत आणि आपण ते वापरतोही, फक्त सरमिसळ करून. गल्ला म्हणजे दुकानाच्या पेटीत दिवसभर जमा झालेला पैसा. किराणा दुकानदाराला आजचा गल्ला किती विचारले तर तो एक आकडा सांगेल, कमाई किती विचारले तर दुसरा. ग्रॉसला ‘गल्ला’ म्हणावे. कर वजा जाता राहतो तो ‘निव्वळ गल्ला’. वितरकाला मिळतो तो ‘वाटा’. सगळा खर्च भागून उरेल तो ‘नफा’. कोटीच्या आकड्यापुढे यातला एक शब्द छापावा, एवढीच माझी मुख्य विनंती आहे.

आमचा हिशोब कसा व्हायचा ते सांगतो, म्हणजे हा आग्रह का धरतो ते कळेल. तिकिटांची पुस्तके कलेक्टर कचेरीच्या करमणूक कर शाखेतून शिक्का मारून आणावी लागत. स्टॉलची गुलाबी, फर्स्टची हिरवी, बाल्कनीची पिवळी. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक दराच्या पहिल्या तिकिटाचा नंबर लिहायचा, खिडकी बंद झाल्यावर पुढच्या कोऱ्या तिकिटाचा नंबर लिहायचा आणि वजाबाकी करायची. बाराच्या, तीनच्या, सहाच्या, नऊच्या अशा चारही खेळांची वजाबाकी, गुणिले दर, वजा कर. समोरच्या खुर्चीवर वितरकाचा रिप्रेझेंटेटिव्ह बसलेला असे. एसटी स्टँडजवळच्या लॉजवर उतरायचा आणि चारही खेळांना दारात उभा राहून फाडलेल्या तिकिटांची अर्धुके मोजायचा. कधी खेळ चालू असताना करमणूक कर निरीक्षक टॉर्च घेऊन आत येत आणि रांगेरांगेने डोकी मोजत. तिघांचा ताळमेळ बसला की मी सही करायचो, रिप्रेझेंटेटिव्ह सही करायचा. तोवर रात्रीचा एक वाजलेला असे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आकडा मुंबईला फोनवर जायचा आणि कागद मागून कुरिअरने.

मला स्वतःला आणखी एक खूण सापडली होती, सायकल स्टँडची. स्टँडचा ठेकेदार रोज रात्री बिल्ले मोजून ठेवायचा. बिल्ले आणि तिकिटे यांचे प्रमाण अनेक वर्षांच्या सवयीने डोक्यात पक्के बसले होते. एखाद्या दिवशी तिकिटे जास्त आणि बिल्ले कमी असले की समजावे, आज गावाकडची माणसे एसटीने आली, किंवा कुणीतरी एकदम पन्नास-साठ तिकिटे उचलली. हे सांगायचे कारण असे, की एका टॉकीजच्या एका दिवसाच्या आकड्यासाठी तीन-चार माणसे एकमेकांवर लक्ष ठेवून असत. आज आपल्या वेबसाइटवर शुक्रवारी रात्री दहा वाजता ‘पहिल्या दिवशी इतके कोटी’ अशी बातमी लागते. त्या वेळी देशभरात रात्रीचे खेळ चालू असतात. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांचे ऑनलाइन बुकिंग पाहून आणि बाकीच्यांचा अंदाज बांधून तो आकडा तयार केलेला असतो. अंदाज बांधायला हरकत नाही. पण तो अंदाज आहे हे लिहायला हवे, आणि तो निर्मात्याने दिलेला आहे की व्यापार-विश्लेषकाने, हेही लिहायला हवे. सगळ्या देशाचे डीसीआर एकत्र करून जाहीर करणारी, सर्वांना मान्य असलेली यंत्रणा आपल्याकडे नाही. त्यामुळे ज्याने आकडा दिला त्याचे नाव हाच एक पुरावा उरतो.

आता नातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. २००९ च्या जानेवारीतली गोष्ट आहे. २००८ च्या नाताळात आलेला ‘गजनी’ हा देशात शंभर कोटी नेट करणारा पहिला हिंदी चित्रपट ठरला होता आणि सगळ्या पेपरांत मथळे आले होते. आमचा डोअरकीपर, बावीस वर्षांची नोकरी झालेला माणूस, पेपरची घडी हातात घेऊन माझ्या केबिनमध्ये आला. “साहेब, सिनेमानं शंभर कोटी केलं म्हणं. आमचा पगार कवा वाढायचा?” तो चित्रपट आमच्याकडे नव्हताच, दुसऱ्या टॉकीजला लागला होता. आमच्या पडद्यावर त्या आठवड्यात जो होता, त्याच्या तीनच्या खेळाला साठ माणसे बसली होती, सातशे खुर्च्यांत. मी रजिस्टर उघडून त्याला आठवड्याचा हिशोब दाखवला. इतका गल्ला, इतका कर, इतका वितरकाचा वाटा, इतके लाइट बिल, आणि राहिले त्यात चौदा माणसांचे पगार. त्याने बोट ठेवून प्रत्येक ओळ वाचली. शेवटी घडी करून पेपर खिशात घातला आणि म्हणाला, “मग ह्यात आपलं काहीच न्हाई की.” मला त्या दिवशी त्याच्या नजरेला नजर देता आली नाही. मालकाची लबाडी नव्हती, माझीही नव्हती; पण बावीस वर्षे इमानाने तिकिटे फाडणाऱ्या माणसाच्या मनात दोन दिवस तरी तसा संशय राहिला असणार, आणि तो ‘कमाई’ या एका शब्दाने पेरला होता.

त्याच वर्षी वाट्यावरून मोठे भांडण झाले. एप्रिल २००९ पासून जवळपास दोन महिने निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सना नवे हिंदी चित्रपट दिले नाहीत. जूनमध्ये तडजोड झाली. वितरकाला पहिल्या आठवड्यात नेटच्या ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के. हे आकडे वाचकांसमोर एकदा तरी ठेवावेत, कारण आजचा सगळा धंदा त्यातून समजतो. जसजसे आठवडे जातात तसतसा वितरकाचा वाटा उतरतो, म्हणून त्याचे सगळे लक्ष पहिल्या तीन दिवसांवर असते. हजारो पडद्यांवर एकदम लावायचा, शुक्रवार-शनिवार-रविवारात जमेल तेवढे ओढायचे. सोमवारी पडला तरी त्याचे बरेचसे हातात आलेले असते. आमच्यासारख्या टॉकीजला फायदा व्हायचा तो पाचव्या-सहाव्या आठवड्यात, चित्रपट हळूहळू मुरल्यावर. ते आठवडेच राहिले नाहीत. एकपडदा टॉकीजना तर या टक्केवारीचाही आधार नव्हता. मोठा चित्रपट हवा असेल तर आधी ऍडव्हान्स भरा, नाहीतर मिनिमम गॅरंटी, म्हणजे चालो न चालो ठरलेली किमान रक्कम द्या. चालला तर वरचा ओव्हरफ्लो वाटून घ्यायचा, पडला तर खड्डा आमचा.

निर्मात्याचे तसे नसते. टीव्हीचे हक्क, ओटीटीचे हक्क, गाण्यांचे हक्क यांतून काही चित्रपटांचा बराचसा खर्च प्रदर्शनाच्या आधीच निघतो. म्हणजे टॉकीजमध्ये साफ आपटलेला चित्रपट निर्मात्याला फायद्यात ठेवू शकतो आणि शंभर कोटींचा मथळा मिळवलेला चित्रपट चढ्या भावाने घेतलेल्या वितरकाला बुडवू शकतो. हिट की फ्लॉप हे कुणाच्या बाजूने पाहायचे, त्यावर अवलंबून आहे. मल्टिप्लेक्समधले पॉपकॉर्न पुन्हा या सगळ्याच्या बाहेर. त्या पैशात निर्मात्याचा वाटा नसतो आणि तो गल्ल्यातही धरला जात नाही. ऑनलाइन तिकिटावर लागणारी जादा फीसुद्धा नाही.

आपण ‘महाराष्ट्रात इतके कोटी’ असेही छापता. त्यातही एक गफलत होते. व्यापाराच्या नकाशावर महाराष्ट्र एकसंध नाही. जुन्या मुंबई इलाख्याच्या हद्दीवरून पडलेल्या ‘मुंबई टेरिटरी’त आपले सांगली, सातारा, कोल्हापूर येतात, त्यातच गुजरात येतो आणि बेळगाव-धारवाडचा पट्टाही येतो. विदर्भ ‘सीपी-बेरार’ टेरिटरीत, मराठवाडा ‘निझाम’ टेरिटरीत. मुंबई टेरिटरीचा आकडा उचलून त्याला महाराष्ट्राचा म्हटले की अहमदाबादचा प्रेक्षक आपल्या खात्यात जमा होतो आणि नागपूरचा, संभाजीनगरचा गळतो. माझ्या काळात हुबळीहून फोन यायचा, अमुक चित्रपट तुमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात कसा आहे? आम्ही एकाच वितरकाची माणसे होतो.

जुन्या-नव्याची तुलना आपण दर सणाला करता, ती तर मला सहन होत नाही. ‘सर्वकालीन सर्वाधिक कमाईचे दहा चित्रपट’ या यादीत गेल्या काही वर्षांतलेच चित्रपट असतात. १५ जून २००१ या एकाच शुक्रवारी ‘गदर’ आणि ‘लगान’ आले. त्या दिवशी सांगलीतल्या रस्त्यांवर जी माणसे मी पाहिली, ती पुन्हा पाहिली नाहीत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गावे आली होती. ‘गदर’चा देशातला निव्वळ गल्ला ७५ कोटींच्या आसपास होता. २०२३ मध्ये त्याचा दुसरा भाग आला, त्याने ५०० कोटींचा टप्पा ओलांडला. यादीत दुसरा वर, पहिला कुठेच नाही. पण विकल्या गेलेल्या तिकिटांचे जे अंदाज व्यापारात मानले जातात, त्यांत पहिल्या भागाची तिकिटे जास्त आहेत, पाच कोटींच्या आसपास. बावीस वर्षांत तिकिटाचा दर कितीतरी पट झाला आणि आकडा फुगला. त्यात कर बदलत गेले. करमणूक कर राज्याराज्यांत वेगळा होता. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा शंभराच्या वरच्या तिकिटाला २८ टक्के होते, २०१९ पासून १८ झाले. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला १८, मग १२ आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. एकाच गल्ल्यातून वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळा नेट निघतो, हे लक्षात न घेता केलेली यादी कशाला उपयोगी?

म्हणून दुसरी विनंती. जमेल तिथे तिकिटांची संख्या द्या. किती माणसांनी पाहिला, हे मला पैशापेक्षा महत्त्वाचे वाटते. २३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय चित्रपट दिनाला तिकीट ७५ रुपये केले, तर देशभरात ६५ लाखांवर लोक टॉकीजमध्ये आले असे मल्टिप्लेक्सवाल्यांच्या संघटनेने सांगितले. त्या दिवशी पेपरांत कोटी कमी दिसले असतील, पण खुर्च्या भरल्या होत्या. ती बातमी त्या दिवसाचा मुख्य मथळा व्हायला हवी होती.

परदेशाचा आकडा जोडतानाही हेच. ‘दंगल’चा जगभरातला गल्ला दोन हजार कोटींच्या आसपास धरतात, त्यातला निम्म्याहून जास्त एकट्या चीनमधला. चीनमध्ये परदेशी चित्रपटाच्या बाजूला गल्ल्याचा साधारण चौथा हिस्सा मिळतो. आपल्याकडच्या शंभर रुपयांतून जितके हातात येतात, तितके तिथल्या शंभरातून येत नाहीत. बेरीज करून एकच ‘कमाई’ छापली की हे सगळे झाकले जाते.

एक गोष्ट लिहावी की नाही असे वाटत होते, पण लिहितो. गेल्या वर्षी मी आमच्याच भागातल्या एका मल्टिप्लेक्सला सकाळच्या खेळाला गेलो. बुकिंगच्या ऍपवर निम्म्याहून जास्त खुर्च्या विकलेल्या दिसत होत्या. आत मोजून चौदा माणसे होती, सवयीने मी मोजलीच. मध्यंतरानंतरही कुणी आले नाही. ही घाऊक खरेदी कुणी केली ते मला माहीत नाही, त्यामुळे कुणाचे नाव घेत नाही. पण स्वतःच्याच चित्रपटाची तिकिटे स्वतःच विकत घेण्याची चर्चा व्यापारात उघडपणे चालते, आणि त्याचा हिशोब सोपा आहे. २३६ चे तिकीट घ्यायचे, त्यातले १०० वाट्यातून परत येतात, १३६ गेले. ते १३६ जाहिरातीचा खर्च म्हणून सोडून द्यायचे, कारण त्या बदल्यात दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा आकडा छापून येतो. म्हणजे त्या खर्चाचे मोल आपल्या मथळ्यावर ठरते. रात्री एक वाजता अर्धुके मोजत बसलेला रिप्रेझेंटेटिव्ह मला त्या वेळी आठवला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखाली कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या टॉकीजमध्ये बाल्कनीच्या जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत पाणी होते. ऑफिसातल्या कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले. पाणी उतरल्यावर मी आणि ऑपरेटर, दोघांनी मिळून डीसीआरची रजिस्टरे गच्चीवर विटा ठेवून वाळवली. शाईपेनाने लिहिलेली पाने निळी झाली, काहीच वाचता येत नाही. बॉलपेनाची बरीचशी वाचता येतात. १९९१ पासूनची एकोणीस रजिस्टरे अजून माझ्याजवळ आहेत, मालकांनी घेऊन जा म्हटले म्हणून घरी आणली. त्यांत एका टॉकीजच्या प्रत्येक खेळाची तिकिटे, गल्ला, कर, वाटा सगळे रकान्यांत आहे.

आपल्या पानावर चित्रपटांचे आकडे लिहिणाऱ्या वार्ताहराला एकदा माझ्याकडे पाठवावे. एका आठवड्याचे पान घेऊन बसलो तर तासाभरात सगळे दाखवून होईल. रजिस्टरे जड आहेत आणि पानांचे कोपरे सुटत आहेत, त्यामुळे मला ती कार्यालयात घेऊन येता येणार नाहीत; ती इथेच पाहावी लागतील. सकाळी दहानंतर मी घरी असतो.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त टॉकीज मॅनेजर,
विश्रामबाग, सांगली